संपादकाची प्रतिमा आणि परिचय : महाराष्ट्रातील वृत्तपत्रसृष्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आकलन

प्रास्ताविक

वृत्तपत्र वाचकाच्या हाती रोज पडते. परंतु ते चालविणारी व्यक्ती त्याला क्वचितच भेटते. तिची ओळख होते ती एखाद्या छायाचित्रातून, अंकाच्या तळाशी बारीक टाइपात छापलेल्या ओळीतून किंवा चरित्रकोशातील एखाद्या परिच्छेदातून. माध्यमसंस्थांच्या प्रमुखांची छायाचित्रे एकाच आकारात व एकाच पार्श्वभूमीवर घ्यावीत, त्यांचे परिचय एकाच क्रमाने लिहावेत, अशी पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. ही पद्धत अगदी अलीकडची असल्याचा समज आढळतो. वस्तुतः तिची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. महाराष्ट्रापुरता विचार केला तर छायाचित्रगृह, मुद्रणविषयक कायदा आणि चरित्रकोश या तीन साच्यांतून ‘संपादक’ नावाची सार्वजनिक प्रतिमा घडत गेली. हे तिन्ही साचे कसे तयार झाले, त्यांनी काय टिकविले आणि त्यांच्यातून कोण निसटले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. संपादक कोणाला म्हणावे आणि इतिहासात कोणाची नोंद संपादक म्हणून व्हावी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

छायाचित्रापूर्वीचा संपादक

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी देणारे हे पत्र १८४० मध्ये बंद पडले आणि १८४६ मध्ये बाळशास्त्र्यांचे ऐन तारुण्यात निधन झाले. छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत पॅरिस येथे १८३९ मध्ये जाहीर झाली होती. परंतु मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन होण्यास १८५४ साल उजाडले. म्हणजे मराठी पत्रकारितेचा आद्य संपादक छायाचित्राचा प्रसार होण्यापूर्वीच निवर्तला होता. त्यांच्या चरित्रविषयक साधनांचे व लेखनाचे विस्तृत संकलन ग्रंथरूपाने १९५० मध्ये, निधनानंतर शतकाहून अधिक काळाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात ‘पत्रकार दिन’ साजरा होतो तो ‘दर्पण’च्या प्रारंभाच्या तारखेस. व्यक्तीपेक्षा पत्राची तारीख अधिक निश्चितपणे ज्ञात असावी, ही गोष्ट त्या काळातील संपादकाच्या स्थानावर पुरेसा प्रकाश टाकते.

भाऊ महाजन यांनी १८४१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रभाकर’मध्येही हीच वृत्ती दिसते. गोपाळ हरी देशमुख यांची शतपत्रे १८४८ पासून याच पत्रात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्याचे कुलशील, पदवी वा चेहरा वाचकास ठाऊक असणे आवश्यक मानले जात नव्हते. मजकुराने स्वतःच्या बळावर उभे राहावे अशी अपेक्षा होती. सरकारी नोकरीतील लेखकाला या अनामिकतेचे संरक्षणही मिळत असे.

छायाचित्रगृह आणि चित्रशाळा

सन १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिक या क्षेत्रात उतरले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, फ्रान्समध्ये दिसदेरी याने एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळविले होते. भेटकार्डाएवढी ही छायाचित्रे स्वस्त पडत. ठराविक मापाचा पुठ्ठा, मागे रंगविलेला पडदा, शेजारी मेज, मेजावर पुस्तक आणि त्यावर टेकलेला हात ही मांडणी युरोपातून भारतातील छायाचित्रगृहांत आली. बसणारा वकील असो, व्यापारी असो वा प्राध्यापक, मांडणी तीच राही. सामाजिक प्रतिष्ठेचे एक प्रमाणित रूप या पुठ्ठ्यावर तयार झाले.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसमवेत १८७८ मध्ये चित्रशाळा स्थापन केली. ‘निबंधमाला’ चालविणारा संपादक चित्रांच्या छपाईकडे वळतो, ही घटना अर्थपूर्ण आहे. लोकांच्या मनात आदर्श रुजवायचे तर लेखाइतकेच चित्रही उपयोगी पडते, याची जाणीव त्यामागे होती. पौराणिक देवदेवता आणि मराठेशाहीतील पुरुष यांची शिळाछापाची चित्रे घरोघर भिंतींवर लागू लागली. पुढे हाफटोन ब्लॉक तयार होऊ लागल्यावर छायाचित्र थेट छापील पानावर आले आणि समकालीन व्यक्तींनाही अशा भिंतीवर जागा मिळाली.

या प्रक्रियेचे ठळक उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळकांची प्रतिमा. पुणेरी पगडी, अंगरखा आणि उपरणे या तीन खुणांवर टिळकांचे चित्र कोणीही, कोठेही ओळखतो. अशा सातत्याचे राजकीय मूल्य मोठे होते. निरक्षर माणसापर्यंतही ती प्रतिमा पोहोचत होती. परंतु तिने एक भ्रमही निर्माण केला. ‘केसरी’ म्हणजे टिळक हे समीकरण इतके दृढ झाले की ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, हे अनेकांस मुद्दाम सांगावे लागते. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक असे दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिला. सन १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी ‘सुधारक’ काढला. जवळजवळ सात वर्षांचे हे संपादकत्व ग्रंथांत नोंदलेले आहे. पण भिंतीवरील चित्राने ते झाकले गेले.

कायद्याने छापवलेली ओळ

छायाचित्रगृहाने प्रतिष्ठेची प्रतिमा दिली, तर कायद्याने जबाबदारीची. सन १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियमान्वये वृत्तपत्राचा मुद्रक आणि प्रकाशक यांनी दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापन करणे व प्रत्येक अंकावर आपली नावे छापणे आवश्यक ठरले. हा वृत्तपत्रचालकाचा पहिला प्रमाणित परिचय होय. त्यात गुणवर्णनाला वाव नव्हता. समन्स कोणाच्या नावे काढावयाचे, एवढेच सरकारला कळणे पुरेसे होते.

या ओळीचे महत्त्व १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात दिसून आले. ‘केसरी’तील मजकुराबद्दल टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपी करण्यात आले. बाळ निर्दोष सुटले, टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. छापलेले नाव आणि मजकुरामागील कर्तृत्व यांत अंतर असू शकते, हे या निकालातून स्पष्ट झाले. विशेष म्हणजे १८६७ च्या कायद्यात संपादकाचे नाव छापण्याची सक्ती नव्हती. ती १९२२ च्या दुरुस्तीने आली. त्यानंतर ‘संपादक’ हा शब्द आणि त्यापुढील नाव प्रत्येक अंकाचा अनिवार्य भाग बनले.

‘मूकनायक’ : नाव आणि कर्तृत्व

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रकारितेच्या संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर रूप धारण करतो. ‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अर्थसाहाय्य केले. त्या वेळी आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात, म्हणजे सरकारी सेवेत, प्राध्यापक होते. पत्राचे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. विचार आणि लेखणी आंबेडकरांची होती. केवळ छापील ओळीवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला आंबेडकर दिसणार नाहीत. उलट, केवळ महापुरुषाच्या चरित्रावर विसंबणाऱ्याला भटकर दिसणार नाहीत. एका अस्पृश्य मानलेल्या समाजातील तरुणाने त्या काळात संपादक म्हणून जाहीरपणे नाव देणे, हेही धैर्याचे काम होते. दोन्ही नावे एकत्र वाचली तरच ‘मूकनायक’चा इतिहास पूर्ण होतो.

पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे संपादकपद आंबेडकरांनी स्वतः स्वीकारले. त्यानंतर ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही परंपरा चालली. तरीही त्यांच्या सर्वपरिचित प्रतिमेत कोट, चष्मा आणि हाती संविधान असते, वृत्तपत्र नसते. तीन दशकांहून अधिक काळ नियतकालिकांशी निगडित राहिलेला संपादक त्या चित्रात मावला नाही.

चरित्रकोशातील नोंद

तिसरा साचा म्हणजे कोशातील परिचय. लंडनमध्ये १८४९ पासून निघणाऱ्या ‘हूज हू’ या वार्षिकाने १८९७ मध्ये नवे रूप धारण केले. ज्याचा परिचय द्यायचा त्याच्याकडूनच ठराविक प्रश्नांची उत्तरे मागवावयाची आणि ती ठराविक क्रमाने छापावयाची, अशी ही पद्धत होती. नाव, जन्म, शिक्षण, विवाह, भूषविलेली पदे, ग्रंथ, छंद आणि पत्ता हा तो क्रम. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या संस्थेने १९१४ मध्ये ‘इंडियन इयर बुक’ काढले. त्या पत्राचे संपादक स्टॅन्ली रीड यांनी ते संपादित केले होते. पुढे या वार्षिकाला व्यक्तिपरिचयाच्या विभागाची जोड मिळाली. मराठीत सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. विखुरलेली माहिती एकत्र आणून पुढील संशोधनाला आधार देण्याचे चित्रावांचे कार्य असामान्य आहे, यात शंका नाही.

तथापि ठराविक रकान्यांच्या नोंदपद्धतीला स्वाभाविक मर्यादा असतात. पदवी, पद आणि ग्रंथ हे रकाने ज्याच्यापाशी असतात, त्याची नोंद सहज भरते. ज्याचे सारे आयुष्य वर्गणी गोळा करण्यात, कागदाची उधारी फेडण्यात आणि अंक वेळेवर काढण्यात गेले, त्याचे रकाने रिकामे राहतात. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधू’ नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईतून चालविला. गिरणी कामगारांना १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळाली, त्यामागे लोखंड्यांची चळवळ आणि त्यांचे पत्र या दोहोंचा वाटा होता. सन १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत ते निवर्तले. भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर २००५ मध्ये तिकीट काढले, तेव्हा त्यांचा चेहरा देशभर पोहोचला. मात्र प्रचलित परिचयात ते कामगार चळवळीचे जनक आहेत, संपादक ही त्यांची दुय्यम ओळख ठरली आहे.

याच ‘दीनबंधू’चे संपादन पती वासुदेव लिंगोजी बिर्जे यांच्या निधनानंतर विसाव्या शतकाच्या प्रारंभी तानूबाई बिर्जे यांनी सांभाळले. भारतातील आद्य स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे नाव ठळकपणे येऊ लागले ते सत्यशोधक चळवळीच्या आणि स्त्रियांच्या इतिहासाचे संशोधन होऊ लागल्यानंतर. संपादकाच्या रूढ प्रतिमेत स्त्री बसत नव्हती, म्हणून तिचे कामही दिसत नव्हते.

साच्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग आत्मचरित्राचा होता. ‘सकाळ’चे संस्थापक ना. भि. परुळेकर यांचे ‘निरोप घेता’ आणि ‘मराठा’कार आचार्य अत्रे यांचे ‘कऱ्हेचे पाणी’ ही त्याची उदाहरणे. कोशातील तारखांमध्ये न सापडणारे पैशांचे व्यवहार, भांडणे आणि चुकलेले अंदाज अशा लेखनात सापडतात. पण स्वतःचे दीर्घ चरित्र लिहिणे आणि ते प्रसिद्ध होणे हे भाग्यही मोजक्यांच्याच वाट्याला आले.

‘नमुना ४’ ते कंपनीचे माहितीपत्रक

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशींनुसार १९५६ मध्ये वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या नियमांतील ‘नमुना ४’ महाविद्यालयीन नियतकालिके चालविणाऱ्यांनाही परिचित आहे. फेब्रुवारीअखेरनंतरच्या पहिल्या अंकात मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे, राष्ट्रीयत्व आणि पत्ते, तसेच भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असणाऱ्यांची नावे छापावी, असा हा नियम होता. त्यातील शेवटचा रकाना महत्त्वाचा होय. वृत्तपत्राचा चेहरा कोणता, याबरोबरच पैसा कोणाचा, हे जाणण्याचा वाचकाचा अधिकार त्यातून मान्य झाला.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्र कंपन्या भांडवल बाजारात उतरल्या. ‘एचटी मीडिया’ २००५ मध्ये, ‘जागरण प्रकाशन’ २००६ मध्ये आणि पुढे ‘दिव्य मराठी’ काढणारी ‘डी. बी. कॉर्प’ २०१० मध्ये सूचिबद्ध झाली. समभागांच्या माहितीपत्रकात संचालकांचे वय, शिक्षण, अनुभव व अन्य कंपन्यांतील पदे द्यावी लागतात. हा परिचय गुंतवणूकदारासाठी असल्याने त्याच्या केंद्रस्थानी संचालक असतो. एकेकाळी अग्रलेखामुळे तुरुंगात जाणारी व्यक्ती वृत्तपत्राची ओळख होती. कंपनीच्या कागदपत्रांत ते स्थान व्यवस्थापनाकडे आले. सन १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला. दीडशेहून अधिक वर्षे वृत्तपत्रचालकाचा परिचय ठरविणारा कायदा अशा रीतीने इतिहासजमा झाला.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. परिचयाचा प्रत्येक साचा विशिष्ट गरजेतून जन्मला. छायाचित्रगृहाला प्रतिष्ठा दाखवावयाची होती, सरकारला जबाबदार व्यक्ती हवी होती, कोशकाराला तुलनायोग्य नोंद हवी होती आणि गुंतवणूकदाराला व्यवस्थापनाची खात्री हवी होती. या एकरूपतेमुळेच दोन संपादकांची तुलना शक्य झाली आणि मालकीची माहिती उघड झाली, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. मात्र प्रत्येक साच्याने कोणाला तरी वगळले : चित्राने आगरकरांना, छापील ओळीने ‘मूकनायक’च्या आंबेडकरांना, महापुरुषाच्या चरित्राने भटकरांना आणि रूढ प्रतिमेने तानूबाईंना.

म्हणून वृत्तपत्रांचा इतिहास शिकविताना व लिहिताना चित्र, छापील ओळ आणि कोशातील नोंद ही साधने एकमेकांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील ग्रंथालयांत जुन्या साप्ताहिकांचे बांधीव खंड आहेत. त्यांच्या शेवटच्या पानावरील मुद्रक-प्रकाशकांची नावे विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेतली, तरी चरित्रकोशांत न आलेल्या अनेक स्थानिक संपादकांचा शोध लागू शकेल. कागद जीर्ण होत असल्याने हे काम लवकर हाती घेणे इष्ट ठरेल.