पवनीच्या पानावरून माझं वाक्य उडालं, आणि बरं झालं!

मंडळी, मागच्या महिन्यात विकिपीडियावरचं आपल्या पवनीचं पान नीट करायला बसलो. पहिलंच वाक्य जोशात टाकलं : ‘इथला स्तूप सम्राट अशोकाने बांधला.’ लहानपणापासून ऐकतोय, चुकेल कसं? दुसऱ्या दिवशी वाक्य गायब. कुणीतरी एवढंच विचारलं होतं, संदर्भ?

राग आला. वीस वर्षं बातम्या लिहिणाऱ्याला पुरावा मागता काय जी! मग डोकं शांत झालं. विचारणारा बरोबर होता. बातमीत ‘असे बोलले जाते’ लिहून मी निभावून नेतो. तिथे ते चालत नाही.

मग अहवाल शोधला. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिळून पवनीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल विद्यापीठाने १९७२ मध्ये छापला. जगन्नाथ टेकडीच्या पोटात विटांचा मोठा स्तूप निघाला, त्याच्या दगडी कठड्याचे खांब निघाले. त्यांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पदरमोड करून हे उभारलं. राजाच्या नावापेक्षा मला हीच गोष्ट मोठी वाटते.

अशोककाळाचा धागा सांगायचाच तर शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिलालेखाचा सांगता येतो. प्राण्यांना पकडू-मारू नका, अशी त्यात आज्ञा. पण तो देवटेकचा, पवनीचा नव्हे. पवनीचं स्वतःचं काय कमी आहे? भार राजा भगदत्ताचा लेख इथला, रूपिअम्म या महाक्षत्रपाचा स्मृतिस्तंभ इथला. तीन बाजूंना जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. पवन राजाची गोष्टही लिहावी, पण ‘आख्यायिका’ म्हणून.

आता खरं दुखणं सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं दगडावर कोरलेलं आहे, म्हणून टिकलं. चाळीस वर्षांपूर्वीचं कुठे आहे? २२ एप्रिल १९८८ ला गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. नंतर गावं उठली, घाट-देवळं पाण्याखाली गेली. कोष्टी भावांच्या मागांवर रेशीमकाठी कापड विणलं जायचं. हे सगळं म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, कागदावर फार थोडं. आणि जे छापलेलं नाही, त्याला त्या पानावर जागा नाही. यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे. आम्ही मोबदल्याचे आकडे छापले, गावं छापली नाहीत.

म्हणून विनंती. घरात जुनी स्मरणिका, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, पिवळी पडलेली कात्रणं असतील तर रद्दीत टाकू नका. छापल्याचं साल आणि पानाचा आकडा दिसेल असा फोटो पाठवा. स्तूपाचे, घाटांचे फोटो टाकाल तर स्वतः काढलेलेच टाका. आणि घरच्या म्हाताऱ्यांजवळ बसा. ते सांगतील ते मी लिहून, नाव-तारखेसह छापायचं काम करतो.

पुढच्या वेळी कुणी ‘संदर्भ?’ विचारलं, तर आपल्या हातात कागद असला पाहिजे.