विकलेल्या वस्तूचा भाव कोणी ठरवायचा?

१/ समुद्राखाली श्वास घेण्याची सामग्री घ्यायला निघालेल्या अमेरिकन ग्राहकांची एक जुनी तक्रार आहे. एका दुकानात रेग्युलेटरची जी किंमत, तीच दुसऱ्यात आणि तीच तिसऱ्यात. दुकानदार सूट द्यायला राजी असला, तरी कंपनी माल बंद करील या धास्तीने गप्प बसतो. तक्रार स्कूबाची असली, तरी तिच्यामागचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. या धाग्यात तोच वाद मुळापासून पाहू.

२/ आधी स्कूबाविषयी थोडे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी 'अ‍ॅक्वालंग' सिद्ध केले. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने कोंडलेली हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी करून तोंडाशी पोहोचवायची, हे रेग्युलेटरचे काम. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे यंत्र कॅलिफोर्नियात पोहोचले आणि तिथे त्याचा व्यापार रुजला.

३/ या खेळाचे दुकान इतर दुकानांसारखे नव्हते. सामग्री विकणे, सिलिंडर भरणे, रेग्युलेटरची देखभाल करणे आणि पोहायला येणाऱ्याला पाणबुड्या बनवणे, ही सारी कामे एकाच छपराखाली चालत. १९६० मध्ये 'नाउई' आणि १९६६ मध्ये 'पॅडी' या प्रशिक्षणसंस्था निघाल्या. प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय सिलिंडर भरून द्यायचा नाही, असा दंडक व्यवसायाने स्वतःच घालून घेतला.

४/ शिकवणीचे शुल्क अनेक दुकाने मुद्दाम कमी ठेवीत आणि तो खर्च सामग्रीच्या नफ्यातून भरून काढीत. पुढे टपालाने आणि नंतर इंटरनेटवरून माल विकणारे आले आणि हे गणित कोलमडू लागले. मग उत्पादकांच्या अटी आल्या. अमुक किमतीखाली जाहिरात करायची नाही. टपालाने विकायचे नाही. अधिकृत विक्रेत्याबाहेर घेतलेल्या मालाला हमी मिळणार नाही, सुटे भागही मिळणार नाहीत.

५/ उत्पादकांचे समर्थन एका वाक्याचे होते : हे जीवरक्षक साधन आहे, जाणकार दुकानदार जगला तरच ग्राहक सुरक्षित राहील. ग्राहकांचा प्रश्नही तितकाच थेट होता : दुकानदाराने पैसे मोजून माल घेतला, तो त्याच्या मालकीचा झाला, मग त्याचा भाव कंपनी कशी ठरवते? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा ठळकपणे आला तो एका कादंबरीमुळे.

६/ बॉब्स-मेरिल या प्रकाशकाने 'द कास्टअवे' या कादंबरीत एक सूचना छापली होती : किंमत १ डॉलर, यापेक्षा कमी दराने विक्री केल्यास तो कॉपीराइटचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाने तीच कादंबरी ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाचा दावा फेटाळला. कॉपीराइटच्या जोरावर, एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढच्या भावावर हुकूम चालवता येणार नाही, असा तो निकाल होता.

७/ मग छापील सूचनेऐवजी रीतसर करार केला तर? इंडियाना राज्यातील डॉ. माइल्स मेडिकल कंपनीने हेच केले होते. चारशेहून अधिक घाऊक आणि पंचवीस हजार किरकोळ विक्रेत्यांना तिने किमतीच्या करारात बांधले होते. जॉन डी. पार्क अँड सन्स या घाऊक पेढीने करार न करताच इतरांकडून माल मिळवून तो स्वस्तात विकला. ३ एप्रिल १९११ रोजी निकाल कंपनीविरुद्ध गेला. असे करार अवैध ठरले.

८/ न्यायमूर्ती ह्यूझ यांच्या निकालपत्राचे सार असे : उत्पादकाने पुरेशी किंमत घेऊन माल विकला की त्यापुढच्या विक्रीतील स्पर्धेचा लाभ मिळण्याचा हक्क जनतेचा आहे. न्यायमूर्ती होम्स यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. व्यापाऱ्यांनी आपला धंदा कसा करावा यात न्यायालयाने विनाकारण हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे अल्पमत अनेक दशके पडून राहिले. ते ध्यानात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

९/ १९१९ च्या कोलगेट खटल्याने या भिंतीत एक खिडकी उघडली. विक्रेत्याशी किमतीचा करार करणे बेकायदा, पण आपले धोरण एकतर्फी जाहीर करणे आणि ते न पाळणाऱ्याला माल न देणे कायदेशीर. स्कूबाच्या दुकानदाराच्या धास्तीचे मूळ इथे सापडते. सही कशावरच नाही, तरी दोर कंपनीच्या हाती.

१०/ १९२९ नंतरच्या महामंदीत लहान दुकानदार साखळी दुकानांपुढे टिकेनासे झाले. त्यांच्या दबावातून, विशेषतः औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या जोरावर, 'फेअर ट्रेड' कायदे आले. पहिला कायदा १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाने केला. पुढे त्यात एक अजब कलम शिरले : एका विक्रेत्याने किमतीच्या करारावर सही केली की सही न केलेले विक्रेतेही बांधले जात. १९३७ च्या मिलर-टायडिंग्ज कायद्याने या राज्य कायद्यांना केंद्राचे संरक्षण दिले.

११/ न्यू ऑर्लिन्सच्या श्वेगमन बंधूंनी ४ डॉलर २४ सेंट किमान किंमत असलेली व्हिस्की ३ डॉलर ३५ सेंटला विकली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला : सही न करणाऱ्याला केंद्रीय कायद्याच्या आडोशाने बांधता येणार नाही. लगेच न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत भाव पाडण्याची चढाओढ लागली. पण दुसऱ्याच वर्षी काँग्रेसने मॅकग्वायर कायदा करून जुने बंधन परत आणले.

१२/ आता तारखा जुळवून पाहा. अमेरिकन स्कूबाचा व्यापार नेमका याच काळात आणि 'फेअर ट्रेड'च्या जन्मभूमीतच वाढला. उत्पादकाने भाव ठरवावा आणि दुकानदाराने तो पाळावा, ही त्या काळच्या बाजाराची सर्वमान्य रीत होती. ती पाण्याखालच्या धोक्यातून जन्मली नव्हती. औषधे, पुस्तके आणि व्हिस्की यांच्या बाजारात ती आधीच नांदत होती.

१३/ तरीही उत्पादकांची बाजू पोकळ नव्हती. १९६० मध्ये अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेलसर यांनी ती नेमकेपणाने मांडली. एक दुकानदार ग्राहकाला तासभर समजावून सांगतो, वस्तू हाताळू देतो. ग्राहक ते सारे ऐकून, असा खर्च न करणाऱ्या स्वस्त दुकानातून खरेदी करतो. झाड एकाने लावायचे आणि फळे दुसऱ्याने खायची, असे चालले तर झाड लावणाराच उरणार नाही. किमान किंमत बांधली की हा फुकटेपणा थांबतो.

१४/ महागाईने त्रासलेल्या १९७० च्या दशकात राजकारण ग्राहकाकडे झुकले. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने 'फेअर ट्रेड'चे केंद्रीय संरक्षण रद्द झाले आणि १९११ चा निकाल पुन्हा पूर्ण जोमाने लागू झाला. मात्र कोलगेटची खिडकी उघडीच होती. करार करता येत नसला, तरी धोरण जाहीर करता येत होते.

१५/ मग आला २००७ चा लीजिन खटला. कातडी पट्टे आणि पर्स बनवणाऱ्या या कंपनीने टेक्सासमधील 'केज क्लॉझेट' या दुकानाचा माल बंद केला, कारण दुकानाने 'ब्रायटन' मालावर २० टक्के सूट दिली होती. २८ जून २००७ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी डॉ. माइल्सचा ९६ वर्षांचा नियम मोडीत निघाला. किमान किमतीचे करार आपोआप बेकायदा राहिले नाहीत. प्रत्येक प्रकरणात त्यांचे परिणाम तपासायचे ठरले. होम्स यांचे अल्पमत जवळपास शतकाने जिंकले.

१६/ न्यायमूर्ती ब्रेयर यांनी अल्पमतात इशारा दिला : केवळ १० टक्के उत्पादकांनी ही वाट धरली, तरी चौघांच्या सरासरी कुटुंबाचा वार्षिक खर्च सुमारे ७५० ते १,००० डॉलरने वाढू शकेल. राज्यांनीही निमूटपणे मान तुकवली नाही. मेरीलँडने २००९ मध्ये आपल्या कायद्यात असे करार बेकायदाच ठेवले.

१७/ आपल्याकडे काय? १९६९ च्या एमआरटीपी कायद्याने पुनर्विक्रीची किमान किंमत बांधणारी अट निरर्थक ठरवली होती. २००२ च्या स्पर्धा कायद्यात अशा अटींच्या परिणामांची तपासणी होते. आपल्या पाकिटावरची 'एमआरपी' ही कमाल किंमत आहे, हे विसरू नका. त्याहून जास्त घेणे गुन्हा, कमी घेणे दुकानदाराचा अधिकार.

१८/ ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने विक्रेत्यांच्या सवलतींवर बंधने घातल्याबद्दल मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरणाची सुरुवात महाराष्ट्रातील विक्रेत्यांवरील बंधनांविषयीच्या एका निनावी ईमेलने झाली. जास्त सूट कोण देतो हे शोधायला गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात, असे आयोगाने आदेशात नमूद केले. कंपनीने आदेशाला अपिलात आव्हान दिले.

१९/ परत स्कूबाकडे. उत्पादकाचा युक्तिवाद सर्वात बळकट असावा असा हाच माल, कारण इथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. पण नीट पाहिले तर सुरक्षितता प्रशिक्षणातून, प्रमाणपत्रातून आणि नियमित देखभालीतून येते. या तिन्हींचे पैसे वेगळे घेता येतात. ते रेग्युलेटरच्या किमतीत लपवले, तर आधीच शिकलेला, देखभालीचे पैसे वेगळे मोजणारा पाणबुड्याही दुसऱ्याच्या शिकवणीचा खर्च भरत राहतो. आणि स्वस्तात घेतलेल्या यंत्राचे सुटे भागच नाकारले, तर सुरक्षितता वाढत नाही, घटते.

२०/ म्हणून 'एकच भाव' दिसला की तीन प्रश्न विचारावेत. ही अट कोणाला हवी होती, एकट्या उत्पादकाला की संघटित दुकानदारांना? तिच्या बदल्यात ग्राहकाला कोणती सेवा मिळते? आणि त्या सेवेचे पैसे वेगळे घेता आले नसते का? १९११ च्या औषधाच्या बाटलीपासून आजच्या मोटारीपर्यंत समर्थनाची भाषा फारशी बदललेली नाही. उत्तरे मात्र प्रत्येक वस्तूगणिक नव्याने शोधावी लागतात.

(धागा समाप्त)