चिंच, राख आणि शाळेचा बिगुल

मराठवाड्यातल्या शाळेत आज बिगुल वर्षातून चार वेळा घासावा लागतो. उरलेल्या महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे तीनच दिवस. आपल्याकडे १७ सप्टेंबर वाढीव. देश स्वतंत्र झाल्यावर आपण तेरा महिने मागे राहिलो होतो, त्या उशिराची भरपाई म्हणून की काय, पितळेला एक घासणी जास्त मिळाली. स्मरणिका समितीने माझ्याकडे शाळेच्या बँडपथकाचा इतिहास मागितला आहे. संचलनाचे फोटो समितीकडे भरपूर आहेत, त्यामुळे त्याविषयी मी लिहीत नाही. आदल्या दिवशी घरोघरी जी घासपूस चालायची तिचा फोटो कोणीच काढला नाही. हा लेख तिच्याविषयी आहे.

बिगुल हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. त्या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ गोऱ्हा. गोऱ्ह्याच्या शिंगाचे वाद्य म्हणून ते नाव. आपले शिंग आणि त्यांचा बिगुल दोघेही जनावराच्या डोक्यावरूनच आले, हे पाहून मला गंमत वाटली. पितळेची शिंगे आणि तुताऱ्या देवळांत आणि यात्रांत आधीपासून होत्या. पण गुंडाळलेल्या नळीचा फौजी बिगुल आपल्या भागात आला तो छावण्यांतून. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमावर चालणारी 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद अशा ठिकाणी होत्या. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई. नांदेडच्या एका अंगाला हिंगोली आणि लातूरच्या एका अंगाला अंबाजोगाई, असे आपण दोन छावण्यांच्या शेजारात वाढलेले लोक. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली.

लष्कराच्या बँडमधून वाद्ये गावात कशी उतरली, याची गोष्ट साऱ्या उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानात थोड्याफार फरकाने सारखीच आहे. छावणीत ऐकलेला बाजा संस्थानिकांना हवासा वाटला, त्यांचा पाहून जमीनदारांना आणि मग लग्नघरांना. मागणी वाढली तशी वाद्ये इथेच बनू लागली. मेरठच्या जली कोठी भागात १८८५ साली नादिर अली आणि कंपनी सुरू झाली आणि पुढे तो सारा मोहल्ला पितळी वाद्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. आपल्या शाळेच्या ट्रम्पेटवर कोरलेले मेरठचे नाव काहींना आठवत असेल.

ही वाद्ये वाजवणारे हात मात्र ठरलेले होते. आपल्याकडे वाजंत्रीचे काम परंपरेने मातंग समाजाकडे. बँडमध्ये त्यांच्या बरोबरीने मुसलमान वादक. लग्नात सर्वांत पुढे चालणारा आणि पंगतीत सर्वांत शेवटी बसणारा माणूस म्हणजे बँडवाला. हे आपण सर्वांनी पाहिले आहे आणि बहुतेकांनी त्याविषयी तेव्हा काही विचार केलेला नाही.

१९४८ हे आपल्या मुक्तीचे वर्ष तसे राष्ट्रीय छात्र सेनेच्या स्थापनेचेही. एनसीसी आली आणि जे वाद्य तोवर वरातीतले होते ते शाळेच्या मैदानात झेंड्यासमोर मानाने उभे राहिले. आता ते सर्वांच्या मुलांना हवे होते. पण बिगुल ढोलासारखा नाही. तो ओठांना लावावा लागतो. आणि शाळेत बिगुल दोन, शिकणारे अकरा.

इथे उष्ट्याचा प्रश्न आला. तो कोणी मोठ्याने विचारला नाही. आपल्याकडे असे प्रश्न विचारले जात नाहीत, ते घरी जाऊन घासले जातात. आमच्या वेळी बिगुल आळीपाळीने घरी न्यायचा आणि सोमवारी चकचकीत करून आणायचा अशी पद्धत होती. ड्रिलच्या सरांनी ती शिस्त म्हणून सुरू केली असावी. पण कुठल्या घरी तो कसा घासला जाई यावरून बरेच कळत असे. काही घरी फडक्याने पुसून परत. काही घरी तो मोरीत उतरे, चिंच, मीठ, राख असे सगळे सोपस्कार होत, आणि मगच तो त्या घरच्या मुलाच्या तोंडाला लागे. कासे राखेने आणि तांबे आंबटाने शुद्ध होते हा जुना संकेत आपल्या आज्यांना पाठ होता. त्यांच्या दृष्टीने बिगुल म्हणजे दहा घरी पाणी प्यालेला तांब्या.

धातूच्या बाजूने पाहिले तर आज्यांचे अगदीच चुकत नव्हते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. वाद्यांच्या पिवळ्या पितळेत साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असते. हवेने आणि हाताच्या घामाने वर काळपट थर येतो. चिंचेतले आम्ल आणि मीठ मिळून तो थर विरघळवतात, राख घासून काढते. तांब्या-पराती शेकडो वर्षे अशाच उजळल्या गेल्या. अडचण एवढीच की परातीचा पत्रा जाड असतो आणि वाद्याच्या नळीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. परात घासून झिजायला दोन पिढ्या लागतात, बिगुलाला तेवढी सवड नसते. शिवाय चिंच लावून वाद्य तसेच ठेवले तर आम्ल जस्त आधी ओढून घेते आणि मागे लालसर, पोकळ तांबे उरते. पिवळ्या पितळेवर गुलाबी डाग दिसू लागले तर ती स्वच्छता नव्हे, तो रोग आहे. फौजी धाटणीच्या बिगुलांत अंग तांब्याचे आणि काठ पितळेचा असतो, तिथे अंग लालच असणार. त्याला रोग समजून घासत बसू नये.

हे सारे आम्हाला सांगितले ते वर्गातल्या एका मुलाने. त्याचे वडील बँडमध्ये युफोनियम वाजवत. लग्नसराईत तो शनिवारी वर्गात डुलक्या घ्यायचा, कारण रात्री वरातीत तोही असायचा. त्याला चिडवण्यासाठी मुले 'बँडवाला' म्हणत. हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी म्हटले असेल. पितळेविषयी त्याला जे ठाऊक होते ते सरांनाही नव्हते, आणि सर मोठ्या मनाचे, त्यांनी ते वर्गासमोर बोलून दाखवले. त्याच्या खिशात रुमालात बांधलेला स्वतःचा माउथपीस असे. "बाजा मालकाचा, तोंड आपलं," असे त्याचे वडील सांगत. बँडमध्ये वाद्ये मालकाची असतात, पण प्रत्येक वादक माउथपीस आपापला ठेवतो. उष्ट्याच्या ज्या प्रश्नावर आमच्या घरांतून इतकी चिंच खर्ची पडली, तो बँडवाल्यांनी खिशात मावेल एवढ्या वस्तूने कधीच सोडवला होता. पुढच्या वर्षी शाळेने अकरा माउथपीस मागवले.

त्याची मुख्य शिकवण अशी की बाजा आतून जपावा, बाहेरून नुसता पुसावा. आम्ही सारे बाहेरच्या चकाकीच्या मागे. तो आधी माउथपीस काढून नळी उजेडाकडे धरी. फुंकताना वाफ आणि लाळ आत जाते, तिथे ओल राहते, आणि ताक जसे पितळी भांड्यात कळकते तसा आत हिरवा कळंक धरतो. भांड्याला कल्हई असते म्हणून आपण वाचतो. नळीला आतून कल्हई नाही. म्हणून वाजवून झाले की पाणी झटकून टाकायचे, आणि महिन्यातून एकदा कोमट पाण्यात साधा साबण कालवून आत फिरवायचा. पाणी कढत नको, त्याने वरचे लॅकर सुटते. दोरीला मऊ सुती कापडाची पट्टी बांधून, दुसऱ्या टोकाला छोटे वजन लावून ती नळीतून ओढायची. जिथे वळणात अडकेल तिथे जोर करायचा नाही. माउथपीसला बहुधा चांदीचे पाणी दिलेले असते. त्याला चिंच, राख, पॉलिश काही लावायचे नाही. हे पाणी उडून पितळ उघडे पडले तर ते ओठांना लावू नये, नवा घ्यावा.

ब्रासो आमच्याकडे एनसीसीच्या बिल्ल्यांसाठी येई. १९०५ पासून इंग्लंडमध्ये विकले जाणारे हे पॉलिश फौजेबरोबर सगळीकडे पोचले. बकल आणि बटणांसाठी उत्तम. उघड्या पितळेच्या बिगुलालाही वर्षातून एखाद-दोन वेळा चालते. पण लॅकर असलेल्या वाद्याला नाही, आणि पिस्टनच्या आसपास तर मुळीच नाही, कारण त्यात घासणारी भुकटी असते. पिस्टन हे १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी पेटंट घेतलेल्या कल्पनेचे पोर. पुढे दोनेक दशकांत पॅरिसच्या पेरिनेने त्याला आजचे रूप दिले. पिस्टन आणि त्याचे घर यांत केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. तिथे भुकटीचा कण गेला की खटका रुतलाच.

पिस्टनच्या तेलावरून आठवले. लग्नसराईत बँडवाले हाताशी असेल ते वापरत, आणि आपल्या घरांत हाताशी असते खोबरेल. एप्रिल-मे महिन्यांत ते ठीक चालते. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, आणि २६ जानेवारीची नांदेडची पहाट त्याहून बरीच गार असते. आंघोळीआधी बाटली चुलीजवळ ठेवणाऱ्यांना हे सांगायला नको. वाद्याच्या पिस्टनसाठी वेगळे पातळ तेल मिळते तेच वापरावे. सरकत्या नळ्यांना मात्र साधे व्हॅसलीन पुरते. आणि तिन्ही पिस्टनांवर आकडे असतात, ज्याचा त्याच घरात गेला पाहिजे.

आता गोठ्याची गोष्ट, कारण ती थेट छावणीच्या इतिहासात जाते. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला एक कोडे पडले होते: पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांची पितळी टरफले आपोआप तडकत. उष्मा म्हणावा तर उन्हाळ्यात तसे होत नसे. उलगडा झाला १९२१ साली, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांच्या संशोधनाने. काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि ओढून-ठोकून आकार दिलेल्या पितळेत राहिलेला ताण, या तिघांनी मिळून धातूला चिरा पाडल्या. बिगुल आणि ट्रम्पेटही ओढून, वाकवून, ठोकूनच घडवतात. आमच्या मित्राच्या घरी वाद्ये कधीच गोठ्याच्या भिंतीला टेकवत नसत, चुलीच्या खोलीत उंच खुंटीला टांगत. का, असे विचारले तर "फुटतंय" एवढेच उत्तर. मी हे संशोधन पुढे नोकरीत असताना वाचले आणि त्या एका शब्दात सगळे आले होते हे लक्षात आले. शाळेने मात्र वाद्यांची पेटी मुतारीमागच्या खोलीत ठेवली. जागाच तेवढी होती.

नोकरीने मी लातूरला आलो आणि पाण्याचा धडा तिथे शिकलो. बोअरचे पाणी जड. त्याने धुतलेले वाद्य वाळले की आत पांढरा क्षार बसतो आणि पिस्टन खरखरतात. साबण कुठल्याही पाण्याने धुवा, शेवटचे पाणी पावसाचे किंवा फिल्टरचे घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातुरात बाजा धुण्याचा प्रश्नच नव्हता. त्या साली एका बँडवाल्याला मी युफोनियम नुसत्या ओल्या फडक्याच्या दोरीने आतून साफ करताना पाहिले. एका पेल्यात त्याचे काम झाले. बादलीभर पाणी लागतेच असे मला तोवर वाटत होते.

आज लग्नात बँजो आणि डीजे आहेत. भोंगे आणि युफोनियम वाजवणारे थोडे उरले. आमच्या त्या मित्राने दहावीनंतर वडिलांच्या जागी उभे राहून काही वर्षे बँड चालवला, मग वाद्ये मोडीत घातली. पितळेला किलोचा भाव चांगला मिळतो, हे त्याने मला हसत सांगितले होते. मी हसलो नाही. माउथपीस त्याने ठेवला आहे. स्नेहमेळाव्याला यायचे त्याने कबूल केले आहे, आणि झेंडावंदनाच्या वेळी बिगुल त्यानेच वाजवावा, असे मी समितीला लेखी कळवले आहे.

त्यासाठी एक विनंती. पेटी मी मागच्या महिन्यात उघडून पाहिली. दोन बिगुल आणि दोन ट्रम्पेट आहेत. एका बिगुलाच्या कर्ण्याला मोठा पोचा आहे, पण तो वाजतो. पोचा ठोकून काढायच्या फंदात कोणी पडू नये. दुसऱ्याचा सांधा उसवला आहे, तो झाळून घ्यावा लागेल. एका ट्रम्पेटचा मधला पिस्टन रुतला आहे. त्यावर पातळ तेलाचे थेंब सोडून ठेवले आहेत, रोज एकदा दोन थेंब घालत जा. तो पकडीने ओढू नका. चारही वाद्ये काळी पडली आहेत. मेळाव्याच्या दिवशी ती चमकावीत या हौसेने कोणीतरी आदल्या रात्री चिंच भिजत घालणार हे मला ठाऊक आहे. भिजत घाला, पण तिचा सार करा. वाद्यांना हात लावायचा तो त्याने. सकाळी आठला तो येईल, त्याला बसायला सावलीत खुर्ची, दोन जुनी सुती धोतरे आणि फिल्टरचे पाणी एवढे तयार ठेवा.