पावसाच्या आकड्याची वाट

बालाघाटच्या माथ्यावर किती पाऊस झाला, हे मन्मथस्वामींच्या समाधीशेजारी कोसळणारी कपिलधार धबधब्याची धार डोळ्यांना दाखवते. सरकारदरबारी मात्र पर्जन्यमापकातला आकडा चालतो. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रातून तो आकडा आता आपोआप निघतो. वाटेत अ‍ॅडॉप्टर नावाचा प्रोग्राम त्याचं रूप बदलतो आणि स्क्रिप्ट बेरीज करते. ही डेटा पाइपलाइन नव्या युगाची करामत मानली जाते. मला तिचा सांगाडा जुना वाटतो, आणि तिचं मर्म पहिल्यापासून मधल्या रूपांतरातच आहे.

1875 मध्ये हवामानशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खातं उभं राहिलं, तेव्हा वेधशाळांची निरीक्षणं तारेनं येत. ती सांकेतिक आकड्यांत असत. तार घेणारा कारकून संकेत उलगडून आकडे तक्त्यात भरी. आजच्या अ‍ॅडॉप्टरचं काम तो माणूस करत होता. पाऊस इंच आणि सेंटमध्ये मोजला जाई. पुढे मिलिमीटर आले आणि जुन्या नोंदींना 25.4 नं गुणावं लागलं. गुणाकार राहिला, तर अडीच इंचांची झोड अडीच मिलिमीटरची भुरभुर ठरते.

आजचा धोका वेळेचा आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, पण यंत्रं बहुधा जागतिक वेळ नोंदवतात. साडेपाच तासांचा हा फरक अ‍ॅडॉप्टरमध्ये मिळवायचा राहून गेला, तर दिवस दुपारी दोनला तुटतो. समजा, दुपारी एकला 30 आणि त्याच रात्री 40 मिलिमीटर पाऊस झाला. खरी बेरीज 70, म्हणजे 65 ची अतिवृष्टीची रेघ ओलांडलेली. चुकीच्या हिशेबात मात्र 30 एका दिवशी आणि 40 दुसऱ्या दिवशी. कपाशी आडवी झालेल्या शेतकऱ्याचं नाव पंचनाम्यात येणार की नाही, ते इथं ठरू शकतं.

यावर कुणी म्हणेल, हातानं लिहिलेली नोंद तरी कुठं निर्दोष होती? नव्हतीच. मोजपात्र तिरकं धरलं जाई, सुट्टीचा पाऊस दुसऱ्या दिवशी एकदम लिहिला जाई. यंत्र दर काही मिनिटांनी नोंद देतं, हा लाभ मोठाच आहे. पण जुन्या वहीत खोडलेला आकडाही दिसत असे. जुना आकडा जपण्याचं तेच काम 2011 मध्ये मुक्त स्रोत झालेल्या काफ्कासारख्या संदेश साठवणाऱ्या प्रणाली करू शकतात: आलेला संदेश क्रमानं मागे जोडायचा, जुन्याला हात लावायचा नाही. ठरावीक मुदतीनं तो पुसण्याची सोय त्यांत असते. पावसासाठी ती बंदच हवी. मूळ संदेश जपले, तर स्क्रिप्ट दुरुस्त करून मागचा अख्खा पावसाळा पुन्हा मोजता येतो. नुसत्या दिवसांच्या बेरजा ठेवल्या, तर दुपारचे ते 30 मिलिमीटर कुणालाच शोधता येणार नाहीत.