लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी दिलेले एक मत



लंडनच्या हार्ले स्ट्रीटलगत कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये एका उमरावाचा ब्राँझचा पुतळा आहे. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक हे त्यांचे नाव. आपल्या समाजाने या गृहस्थांची ओळख ठेवावी, मात्र भाबडेपणाने नव्हे, असे मला वाटते.

बेंटिंक घराणे मूळचे हॉलंडचे. राजा तिसरा विल्यम याच्याबरोबर ते इंग्लंडात आले आणि पुढे ड्यूक ऑफ पोर्टलंड झाले. जॉर्ज यांचे आजोबा दोनदा पंतप्रधान होते. त्यांचे चुलते लॉर्ड विल्यम बेंटिंक आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहेत: 1829 साली सतीची चाल बंद करणारे गव्हर्नर जनरल. 1835 साली कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज त्यांच्याच आदेशाने निघाले. परिचारिका म्हणून आयुष्य गेल्यामुळे मला ते सतीबंदीच्या खालोखाल मोलाचे वाटते.

जॉर्ज यांचा जन्म 1802 सालचा. थोरले नसल्याने गादी त्यांच्या वाट्याची नव्हती. 1819 साली ते घोडदळात शिरले, पण तेथे त्यांचे मन रमले नाही. मावशीचे यजमान जॉर्ज कॅनिंग यांचे ते चिटणीस झाले आणि 1828 पासून किंग्ज लिन गावाचे प्रतिनिधी म्हणून कॉमन्स सभेत बसू लागले. बसू लागले एवढेच. बोलत फारसे नसत. सारा जीव शर्यतीच्या घोड्यांत.

1846 साली पंतप्रधान पील यांनी परदेशी धान्यावरील जकात उठवण्याचे ठरवले. बेंटिंक यांना हा स्वपक्षाशी विश्वासघात वाटला. त्यांनी सगळी पागा दहा हजार पौंडांना विकून टाकली आणि ते बंडखोर गटाचे पुढारी झाले. जोडीला बेंजामिन डिझरायली होते: जन्माने यहुदी, लहानपणी बाप्तिस्मा झालेले.

पुढच्याच वर्षी लायनेल डी रॉथ्सचाइल्ड लंडन शहरातून निवडून आले. परंतु शपथेत ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून बोलण्याचे शब्द होते; ते उच्चारल्यावाचून सभेत बसता येत नसे. त्याच काळात आपले बेने इस्राएल पूर्वज मुंबईच्या पलटणीत सुभेदारपदापर्यंत चढत होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

डिसेंबर 1847 मध्ये हा निर्बंध काढण्याचा ठराव आला. बेंटिंक यांना आपल्याविषयी विशेष माया होती असे मानू नये. हा प्रश्न त्यांना कटकटीचाच वाटत होता. पण कॅथलिकांना हक्क देण्याच्या बाजूने ते पूर्वी उभे राहिले होते, तीच रीत येथे मोडणे त्यांना पटेना. शिवाय डिझरायलींना एकटे सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी भाषण केले आणि मतही आपल्या बाजूने दिले. ठराव 253 विरुद्ध 186 मतांनी संमत झाला. त्यांच्याच पक्षाचे बहुतेक लोक विरोधात गेले होते. पक्षाची नाराजी पत्राने कळताच त्यांनी पुढारीपण सोडले. प्रेमापोटी केलेल्या उपकारापेक्षा मला हे मोठे वाटते. प्रेम नसतानाही त्यांनी किंमत मोजली.

मे 1848 मध्ये त्यांनी शिंगरू असताना विकलेल्या सरप्लिसने डर्बी जिंकली. ती जिंकण्यासाठी त्यांनी उभा जन्म घालवला होता. दुसऱ्याच दिवशी लॉर्ड्स सभेने यहुदी विधेयक फेटाळले.

डिझरायलींनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यावरून दिसते की हा मनुष्य दिवसभर जवळजवळ उपाशी राहून काम करी आणि मध्यरात्रीनंतर भरपेट जेवी. रुग्णालयात असे रोगी पुष्कळ पाहिले आहेत. 21 सप्टेंबर 1848 रोजी वडिलांच्या वेलबेक वाड्यातून शेजारच्या थोर्स्बीला जेवणासाठी ते पायी निघाले आणि वाटेत कोसळले. रात्री कंदील घेऊन शोधायला गेलेल्यांना देह सापडला. वय 46, लग्न केलेले नव्हते. हृदयविकार, असा निर्णय झाला. डिझरायलींना ह्यूएन्डनची जहागीर घेता यावी म्हणून बेंटिंक बंधूंनी पैसे द्यायचे ठरवले होते. त्यांच्या पश्चात भावांनी तो शब्द पाळला.

रॉथ्सचाइल्ड यांनी 26 जुलै 1858 रोजी, डोके झाकून, आपल्या पवित्र शास्त्रावर शपथ घेतली व सभेत जागा घेतली.