उद्यान, सेवासंस्था आणि नाव

गावाच्या बाजारपेठेत मध्यभागी एखादे उद्यान असावे आणि त्यास लोकोपयोगी कार्य करणाऱ्या एखाद्या सेवासंस्थेचे नाव द्यावे, असा विचार अलीकडे लहान गावांतूनही ऐकू येतो. विचार स्तुत्य आहे. कृतज्ञता हा समाजाचा गुणच होय. परंतु नाव देणे हे वाटते तितके सोपे काम नाही. आमच्या जोयडा तालुक्याइतका नावाचा अनुभव तर फार थोड्या प्रदेशांस आला असेल. म्हणून या प्रश्नाचा इतिहासाच्या आधाराने थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

सेवासंस्थांची आजची परंपरा फार जुनी नाही. रोटरीचा पहिला क्लब २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे भरला. त्याच वर्षी १२ जून रोजी पुण्यास नामदार गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. पहिल्या संस्थेत आपला व्यवसाय सांभाळून सेवा करावयाची होती; दुसरीत सेवा हाच जन्माचा व्यवसाय करावयाचा होता. लायन्स क्लबांचा जन्म १९१७ सालचा. भारतात ते १९५६ मध्ये आले. तथापि लोकांनी एकत्र येऊन सार्वजनिक काम अंगावर घेण्याची रीत आपल्याकडे याहून जुनी आहे, आणि तिचा उद्यानांशी निकटचा संबंध आहे.

१८६२ साली आमचा उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला मुंबईत भायखळ्यास व्हिक्टोरिया गार्डन्स लोकांसाठी खुली झाली. ही बाग सरकारने आखलेली नव्हती. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने ती उभी केली होती. बागेला लागूनच जे वस्तुसंग्रहालय पुढे १८७२ मध्ये उघडले, त्याच्या कामी नाना शंकरशेट आणि गोमंतकातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड यांनी परिश्रम घेतले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली.

आता नावांचे काय झाले ते पाहावे. बाग ज्या संस्थेने केली तिचे नाव बागेस कधीच मिळाले नाही. ते मिळाले राणीस. लोकांनी त्या नावाची 'राणीची बाग' केली. पुढे शासकीय नाव पालटून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, तरी लोकांच्या तोंडी राणीची बागच राहिली. वस्तुसंग्रहालयास मात्र १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव लाभले. सेवेची ओळख पटावयास शंभर वर्षे लागली. त्या सोसायटीची शिवडी येथील जुनी बाग तर १८६५ मध्ये दफनभूमीसाठी गेली. जी बाग नगरपालिकेच्या हाती सार्वजनिक म्हणून आली ती टिकली, आणि आज कर्त्या संस्थेचे नाव ठाऊक नसलेली लक्षावधी मुले तेथे खेळून गेली आहेत. यात त्या संस्थेचा पराभव झाला असे आम्ही मानीत नाही.

यातून पहिला बोध असा की उद्यानाचे रक्षण फलकाने होत नाही, ते हक्काने होते. आम्ही वकिली पेशाचे असल्याने येथे एक निवाडा सांगितल्यावाचून राहवत नाही. बंगळूर येथे आराखड्यात उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा एका वैद्यकीय न्यासास रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवाशांनी हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगलोर मेडिकल ट्रस्ट खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १९९१ मध्ये न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. रुग्णालय बांधणे हे सत्कृत्य खरे. पण उद्यानाची मोकळी जागा ही सर्वांच्या श्वासाची जागा असते, आणि एका सत्कृत्यासाठी ती दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही. सेवासंस्थेचे नाव देताना हाच विवेक ठेवावा. नावाबरोबर कुलूप-किल्ली जाऊ नये. सभा-समारंभांचा अग्रहक्क जाऊ नये. देणगीच्या पत्रात तसे स्पष्ट लिहून घ्यावे. पुढच्या पिढीची भांडणे पुष्कळशी तेथेच मिटतात.

दुसरा प्रश्न आखणीचा. आमच्या घाटमाथ्यावर पावसाळा प्रचंड असतो. म्हणून प्रथम पाण्याची वाट, मग पायवाट, आणि शेवटी कमान. आमच्या लोकांच्या हाती पैसा आला की कमान आधी उभी राहते! झाडेही येथलीच असावीत: बकुळ, सुरंगी, जांभूळ, भिरंड. कुणब्यांच्या कंदांसाठी एक वाफा ठेवला तर शहरी पाहुण्यांस या मातीची ओळख होईल. बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझे घेऊन आलेल्या बाईस बसावयास सावलीचा कट्टा मिळाला, तर उद्यान सार्थकी लागले असे समजावे.

राहिला नावाचा प्रश्न. आमच्या हाताखालून जाणाऱ्या जुन्या दस्तऐवजांत 'तालुका सुपा' असे लिहिलेले असते. ते सुपा गाव आज नाही. काळी नदीवर गणेशगुडी येथे धरण झाले, १९८० च्या दशकात जलाशय भरला, आणि तालुक्याचे ठाणे असलेले गाव पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. कित्येक कुटुंबे रामनगरकडे गेली. त्या पाण्यावर वीज निघाली आणि दूरदूरची घरे उजळली. घर, शेत, देवळाचे अंगण सोडून गेलेली ही माणसे कोणत्याही क्लबाची सभासद नव्हती. त्यांना कोणी हार घातले नाहीत. सेवा म्हणावी तर याहून मोठी कोणती?

म्हणून आमचे नम्र मत असे की जोयड्याच्या पेठेत कधी उद्यान झालेच, तर ज्या संस्थेने श्रम व द्रव्य दिले तिचे नाव प्रवेशद्वारी दगडावर आदराने कोरावे. मात्र उद्यानास 'सुपा' हेच नाव द्यावे. खरी सेवाभावी संस्था या सूचनेने रागावणार नाही. नातवाने "आजोबा, सुपा म्हणजे काय?" असे विचारावे आणि आजोबांनी बाकावर बसून ते सांगावे, एवढे जरी त्या नावाने साधले तरी पुष्कळ झाले.