कारखान्यातला मोटरखाना

आठवीच्या वर्गात एकदा '-खाना'वाले शब्द लिहायला दिले होते. दवाखाना, छापखाना, तोफखाना, मुसाफिरखाना. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "टीचर, कारखाना म्हणजे कारचं घर ना?" वर्ग हसला. मी समजावलं: फारसीत 'कार' म्हणजे काम, 'ख़ाना' म्हणजे घर किंवा जागा, आणि जेवणाचा 'खाना' वेगळा, उर्दूत त्याची अक्षरंही वेगळी. पोरगं फार चुकलं नव्हतं, हे गेल्या डिसेंबरात कळलं.

तलासरीजवळ, हायवेपासून थोडं आत, एका बंद कारखान्याच्या काँक्रीटच्या आवारात काही हौशी मोटारवाल्यांनी मोटरखाना भरवला होता. वापीत नोकरीला असलेला माझा भाचा त्यांच्यातलाच. म्हणाला, "खाला, नाव दे. घरची गाडी चालते." मी चाळिशीनंतर डहाणूत गाडी शिकले. 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हापासून तर हायवेवर माझे हात स्टिअरिंगला चिकटून बसतात. मिस्टर म्हणाले, "शर्यत? तू?"

पण ही तशी शर्यत नसतेच. मैदानावर शंकू मांडलेले असतात. एकावेळी एकच गाडी. ठरलेल्या वाटेनं वळायचं, मागे यायचं, चौकटीत थांबायचं. बहुतेक काम पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये. शंकूला धक्का लागला की वेळेत काही सेकंद दंडाचे वाढतात. आरटीओच्या परीक्षेतला आठाचा आकडा आठवा, फक्त हातात घड्याळ घेऊन कोणीतरी उभं आहे, एवढाच फरक.

मला ओढलं ते त्या शब्दानं. मोटरखाना हा जिमखान्याचा मुलगा. आणि जिमखाना आला आपल्याच 'गेंदखाना'वरून, असं कोशकार मानतात. गेंद म्हणजे चेंडू. साहेबांच्या तोंडी त्यात जिम्नॅस्टिक मिसळलं आणि गेंदचं जिम झालं. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात रुडकीला 1861 साली जिमखाना निघाल्याची नोंद आहे. पलटणींच्या जिमखान्यांत घोड्यांचे खेळ होत: भाल्यानं खुंटी उपटायची (आपली नेजाबाजी), खांबांमधून घोडा वळवत न्यायचा. पुढे घोड्याच्या जागी मोटार आली, पण खांब तसेच राहिले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये या खेळाला मोटरखाना म्हणतात, जपानमध्ये नुसतं जिमखाना, इंग्लंडमध्ये ऑटोटेस्ट. ज्या देशातून शब्द गेला, तिथले लोक याच्याशी मिळताजुळता खेळ ऑटोक्रॉस म्हणून खेळतात. भाषेच्या शिक्षिकेला यावर राग येऊ नये तर काय!

शब्द आपला होता, फाटक मात्र आपलं नव्हतं. मुंबईत 1875 साली बॉम्बे जिमखाना निघाला, तो फक्त गोऱ्यांसाठी. मग 1885 मध्ये पारशांनी आपला काढला, पुढच्या दशकात हिंदू आणि इस्लाम जिमखाने मरीन लाइन्सच्या समुद्राकाठी उभे राहिले. 1912 पासून मुसलमानांचा संघही क्रिकेटच्या चौरंगी सामन्यांत उतरला. बाहेर ठेवले गेलेल्यांनी आपापली घरं बांधली, याचा अभिमान आपल्या लोकांना आहे, मलाही आहे. पण त्या घरांच्या आतही उंबरे होते. 1906 साली हिंदूंच्या संघाला गोऱ्यांवर विजय मिळवून देणाऱ्यांत बाळू पालवणकर होते, चर्मकार समाजाचे. पुण्यात खेळताना त्यांना चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर मिळायचा. कप्तानपदासाठी त्यांना वर्षानुवर्षं डावललं. 1923 मध्ये त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान झाला.

मोटारीचं फाटक पैशाचं होतं. मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा मोटार ही बड्या घरांची चीज. मद्रासच्या क्लबनं 1953 नंतर शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या. तिथंही गाडी असणाराच उतरणार. आमच्या तलासरीत आजही बहुतेकांचा प्रवास ठासून भरलेल्या जीपमधूनच होतो. तेव्हा माझी जुनी हॅचबॅक घेऊन मी फार गरिबीचा आव आणू नये.

फॉर्मवर नाव, रक्तगट, लायसन्सचा नंबर एवढंच होतं. टेबलावरच्या पोरानं माझा स्कार्फ पाहिला आणि विचारलं, "आँटी, हेल्मेट यावर बसेल ना?" मी म्हटलं, "शाळेत स्कूटीवरच जाते, बाळा." त्यानं नंबर 14 चा कागद दारावर चिकटवला.

पहिल्या फेरीत वाटच विसरले. डावीकडच्या शंकूला उजवीकडून वळसा घातला. ती फेरी बाद. दुसऱ्या वेळी ओठांवर वाट घोकत गेले, पाढे म्हणतात तशी. उलटं येताना हात सुटे पडले, आरशात शंकू सरकत गेले, एकही पडला नाही. शेवटच्या चौकटीत चारही चाकं आत हवीत. माझं मागचं एक चाक रेषेवर राहिलं. दंड.

खालून तिसरी आले. मिस्टर शेडमध्ये डबा धरून उभे होते. म्हणाले, "रेषेवर नव्हतं चाक. मी इथून बघितलं." मग ते घड्याळवाल्याकडे भांडायला निघाले, आणि मला गाडी सोडून त्यांच्यामागे धावावं लागलं.